ज्या पाण्याला मुंग्या आल्या नाहीत

आमच्या बीज तपासणी प्रयोगशाळेतली निवृत्त माणसं वर्षातून एकदा जमतात. जेवणं झाली की कोणीतरी नानांची गोष्ट काढतं. प्रयोगशाळेत मुंग्या पाळणारा परिचर, तपासायला आलेले नमुने चावून खाणारा परिचर, आणि अखेर त्या खुळापायी गोदामाच्या फाटकावर नेऊन बसवलेला परिचर. सगळे हसतात. इतकी वर्षं मीही हसत आलो. यंदा मला हसता आलं नाही. नाना गेल्या थंडीत कोरीटला आपल्या घरी वारले होते, आणि गोष्ट सांगणाऱ्याला ते ठाऊकही नव्हतं.

ती गोष्ट तशी घडलेली नाही. ती तशी सांगितली जावी ही तजवीज मी केली होती. त्या वेळी मी प्रयोगशाळेचा प्रमुख होतो. आज वय सत्त्याहत्तर आहे, हात अजून लिहिता आहे, म्हणून लिहून ठेवतो.

आमचं काम वरून सोपं दिसायचं. बियाण्याचा नमुना आला की त्यातले चारशे दाणे मोजून ओल्या कागदाच्या गुंडाळ्यांत ठेवायचे, गुंडाळ्या उगवण कपाटात उभ्या करायच्या आणि ठरलेल्या दिवशी उघडून किती उगवले ते मोजायचं. नाना त्या गुंडाळ्या भिजवायचे, लावायचे, भांडी धुवायचे. शिक्षण मॅट्रिक नापास. उंच, थोडे वाकलेले, चालताना पाय न वाजवणारे. दुपारी आमचा शिपाई बाकावर डुलकी काढायचा, तेव्हा नाना त्याच्या बाजूने चपला हातात घेऊन जायचे. झोपलेल्याला उठवणं त्यांना पाप वाटायचं. मी एकदा त्या शिपायाला हाक मारून उठवलं, तर नाना दिवसभर माझ्याशी कामापुरतंच बोलले.

नंदुरबारात थंडीत गावाबाहेर नजर पोचेल तिथवर मिरची वाळत पडलेली असते, आणि नवा पाहुणा शिंकतच घरात शिरतो. अशा गावात हा माणूस मिरची खात नव्हता. तंबाखू नाही, सुपारी नाही, सकाळचा चहा बिनसाखरेचा. जीभ ही कामाची वस्तू आहे, ती कामावर येण्याआधी खराब करून चालणार नाही, असं त्यांचं म्हणणं. एकदा मी त्यांच्या घरी जेवायला गेलो होतो. त्यांच्या बायकोने, तिला सगळे नानी म्हणत, वाढता वाढता माझ्याकडे तक्रार केली. म्हणाली, "ह्या मानूसले जेवन नही साहेब, नमुना जोयजे." म्हणजे जेवण नको, नमुना हवा. नाना मान खाली घालून फिकं वरण जेवत राहिले आणि नानी माझ्या ताटात दुसऱ्यांदा ठेचा वाढत राहिली.

जिभेचं काम असं होतं. भिजवलेल्या बियातला एखादा दाणा नाना पुढच्या दातांनी फोडायचे, जिभेच्या शेंड्यावर घोळवायचे, डोळे मिटायचे, आणि मग सांगायचे की हे जागं झालं, हे झोपलंय, हे गेलं. कंपन्यांचं औषध लावून गुलाबी रंगवलेलं बियाणं मात्र ते चिमट्यानेसुद्धा नाखुशीने उचलत. जे तोंडाला लावता येत नाही त्याची ओळख कशी करून घ्यायची, असं विचारायचे.

मी कृषी पदवीधर. मला आधी ही करमणूक वाटली. पण एका पावसाळ्यात मी त्यांच्या नकळत ताळा घेतला. त्यांनी जिभेवर सांगितलेलं कागदावर लिहून ठेवायचं आणि दहाव्या दिवशीच्या मोजणीशी लावून बघायचं. ते चुकत नव्हते. मग मी त्यांना विचारलं, आणि त्यांनी मला समजावलं, बाजारातला दुकानदार गिऱ्हाइकाला समजावतो तसं. बियाच्या पोटात पीठ असतं. अंकुराला पीठ खाता येत नाही, त्याला साखर लागते. ओल मिळाली आणि उठायची वेळ झालेली असली, तर अंकुर आतून निरोप धाडतो आणि पिठाची साखर व्हायला लागते. वेळ झालेली नसली, तर ओल मिळूनही निरोप जात नाही. दाणा फुगतो, पण आत पीठ पिठासारखंच राहतं. "गोड लागनं म्हंजे जागं व्हयनं," ते म्हणायचे. हेच माझ्या पुस्तकांत दोन पानं भरून, संप्रेरकांच्या आणि विकरांच्या नावांसकट होतं. मी त्यावर परीक्षेत मार्कही मिळवले होते. नानांनी ते एका वाक्यात, तेही चाखून सांगितलं.

साखर बाहेरून दिली तर काय होतं, तेही त्यांनी ताडलं होतं. प्रकाशा गावाकडचा एक गुजर शेतकरी, तापीकाठी केळी आणि ऊस करणारा मोठा माणूस, एकदा तावातावाने आला. त्याने ज्वारीचं बी पेरणीआधी दाट गुळाच्या पाण्यात भिजवलं होतं, ताकद यावी म्हणून. शेजाऱ्याचं शेत हिरवं झालं तरी याचं उगवेना. नानांनी त्याला बाकावर बसवलं, पाणी दिलं आणि सांगितलं, "भाई, बाहेर पंगत बठनी तर घरनी चूल कोन पेटाडी?" शेतकरी रागावून आला होता, तो हसत परत गेला. पुढे दरवर्षी तो नानांसाठी केळीचा फणा पाठवायचा, आणि नाना ती केळी संध्याकाळी, काम संपल्यावरच खायचे.

आता मुंग्या. दाणा मेलेला असला की त्याला आपली साखर धरून ठेवता येत नाही. भिजत घातला की ती पाण्यात सुटते. जिवंत दाणा, मग तो झोपलेला का असेना, आपली साखर सांभाळून असतो. हेही पुस्तकात आहे आणि मोठ्या प्रयोगशाळांत त्यासाठी यंत्रं असतात. आमच्याकडे यंत्र नव्हतं. नाना ज्या पाण्यात दाणे भिजवले त्या पाण्याचे चार थेंब खिडकीच्या फरशीवर ठेवायचे. मुंग्या जमल्या तर बी मेलेलं. नाही जमल्या तर त्यात जीव आहे. खिडकीच्या फटीतून मुंग्यांची एक रांग कायमची येत-जात असे आणि फरशी पुसायला नाना कोणाला हात लावू देत नसत. आमचा कारकून येता-जाता विचारायचा, "काय नाना, आज मुंग्या रजावर शेतस का?" नाना घड्याळाकडे बघून म्हणायचे, "त्या तुन्हापेक्षा येळवर येतस."

हे सगळं मला पटलेलं होतं. म्हणून पुढे मी जे केलं ते अज्ञानातून केलं, असं म्हणायची सोय मला नाही.

एका वर्षी सातपुड्यात पाऊस बुडाला. धडगावच्या वरच्या अंगाला, जीपचा रस्ता संपल्यावर दीड तास चढून गेलं की काही पाडे लागतात. तिथली स्वतःची एक ज्वारी होती. दाणा पांढरा, किंचित चपटा, उतारावरच्या मुरमाड जमिनीत तगणारा. त्या वर्षी आसपासच्या बारा पाड्यांवर दाणाही झाला नाही आणि लोकांनी बियाणं खाऊन दिवस काढले. एका पाड्याला झऱ्याची ओल होती, तिथं तेवढं पीक आलं. वरून योजना आली की त्या पाड्याचं बियाणं गोळा करावं, तपासून, निवडून ठेवावं आणि जूनमध्ये बाराही पाड्यांना वाटावं. तपासणी आमच्याकडे.

बियाणं मागायला मी स्वतः गेलो होतो. नाना बरोबर होते. पाड्याच्या वतीने एक पन्नाशीची बाई बोलली. घरात पावरी बोलणारी, बाजारापुरतं मराठी येणारी, आणि त्यांच्या बोलीत लहानमोठ्या सगळ्यांना तूच म्हणतात तशी मलाही तू म्हणणारी. चुलीच्या वर, धुरात टांगलेली कणसं तिने काढून दाखवली. नानांनी एक दाणा फोडून चाखला आणि डोळे मिटले, तेव्हा ती तोंडाला पदर लावून हसली. नाना तिला म्हणाले की दाणा गाढ झोपेत आहे. ती म्हणाली, थंडीत आम्ही त्याला उठवत नाही, तो उन्हाळा खाऊनच उठतो. मग तिने मला विचारलं की सगळं दिलं तर सगळं परत येईल का. मी माझ्या तोंडाने हो म्हणालो. नानांनी माझ्याकडे बघितलं. लोकांनी पोती भरून दिली. टांगलेली कणसं तेवढी मागे राहिली, आणि तीही उन्हाळा लागेपर्यंत पोटात गेली असणार, कारण बी साहेबाच्या गोदामात आहे याचा त्यांना भरवसा होता.

नमुना ऐन थंडीत लागला. हीच मुळात चूक होती, पण कागद वेळेत वर जायला हवा होता. चौथ्या दिवशी थोडेच दाणे उगवले. दहाव्या दिवशी माझ्या साडूच्या मुलीचं लग्न शहाद्याला. सकाळी लग्नाला जाऊन दुपारी मी धावतपळत परत आलो. अहवाल घेऊन जाणारी जीप फाटकात उभी होती. नानांनी गुंडाळ्या उघडून उगवलेले दाणे मोजून ठेवले होते आणि न उगवलेल्यांचा ढीग माझ्यासाठी वेगळा केला होता.

इथं एक रीत आहे आणि माझा सगळा गुन्हा त्या रीतीत आहे. न उगवलेला प्रत्येक दाणा चिमट्याने दाबून बघायचा असतो. दाबल्यावर टणक लागला तर तो झोपलेला, त्याची नोंद 'सुप्त' या रकान्यात. पचकन फुटून दुधासारखं पाणी आलं तर तो मेलेला, त्याची नोंद 'मृत' या रकान्यात. हे काम प्रमुखाने स्वतः करायचं. शंभरात तीसच्या आत उगवले होते. राहिलेले जवळजवळ तीनशे दाणे दाबायला तासभर तरी लागला असता. बाहेर जीपवाल्याने भोंगा वाजवला. मी ढिगाकडे नुसतं बघितलं आणि सगळा आकडा मृतच्या रकान्यात लिहून टाकला.

नाना दारात उभे होते. त्यांनी विचारलं, "दाना दाबी देखात का, साहेब?"

मी हो म्हणालो.

त्यांनी मला खिडकीकडे नेलं. फरशीवर त्या ज्वारीच्या पाण्याचे थेंब सुकून डाग पडले होते. एकही मुंगी तिकडे फिरकली नव्हती. शेजारी, दुसऱ्या एका जुन्या बियाण्याच्या पाण्यावर काळा ठिपका जमला होता. "बी झोपेल शे साहेब, मरेल नही," ते म्हणाले. झोपलेलं आहे, मेलेलं नाही. मी म्हणालो की सरकारी अहवाल मुंग्यांना विचारून लिहायचा नसतो. कारकून हसला, जीप निघून गेली.

पुढे तेच झालं जे व्हायचं होतं. बियाणं नापास, पेरणीला निरुपयोगी, गोदाम रिकामं करा, असा आदेश आला. माल नवापूरकडच्या कोंबड्यांच्या खाद्याच्या गिरणीला द्यायचं ठरलं. हे पाड्यावर कळलं आणि ती बाई दोन माणसं घेऊन खाली उतरली. तोवर नानांनी आयुष्यात पहिल्यांदा एक अर्ज लिहिला होता. अक्षर वेडंवाकडं, मजकूर एवढाच की बी जिवंत आहे, राखीव नमुना सर्वांसमोर तपासावा. प्रत्येक बियाण्याचा एक नमुना लाखेच्या मोहरेने बंद करून आम्ही ठेवत असू आणि तक्रार आली की तोच तपासायचा असा नियम होता. वरिष्ठांनी अर्ज मान्य केला. गोदामातला माल तोवर थांबवला. तपासणीची तारीख पुढच्या सोमवारची लागली.

मला ठाऊक होतं की काय होणार. थंडी संपली होती. दाण्याची झोप उतरत आली होती. तो नमुना भिजला असता तर चौथ्या दिवशी गुंडाळ्या हिरव्या-पांढऱ्या कोंबांनी भरल्या असत्या. आणि तीनशे दाणे न दाबता मेलेले ठरवणारा अधिकारी म्हणून, एका मॅट्रिक नापास परिचरासमोर आणि त्या पाड्याच्या बाईसमोर मला उभं राहावं लागलं असतं. बढतीची यादी त्याच महिन्यात निघायची होती, हेही खरं. पण बढतीपेक्षा त्या बाईच्या नजरेची मला जास्त भीती वाटली.

कपाटाची किल्ली माझ्याकडे होती. पितळी मोहरही माझ्याच टेबलाच्या खणात असायची. रविवारी दुपारी मी एकटा प्रयोगशाळेत गेलो. लाख उकलली. ओलावा मोजण्यासाठी आमच्याकडे एक भट्टी होती, एकशे तीस अंशांपर्यंत तापणारी. तो पिशवीभर दाणा मी ताटलीत पसरून तिच्यात ठेवला आणि दोन तास खुर्चीवर बसून राहिलो. गरम भाकरीसारखा वास सुटला. मी खिडक्या उघडल्या. बाहेरून मिरचीचा ठसका आत आला आणि त्यात तो वास दबून गेला. दाणा निवल्यावर करपलेले चार-दोन निवडून टाकले, बाकीचा पिशवीत भरला, लाख ओतली, मोहर उठवली.

हे मी नाना जाईपर्यंत कोणाला सांगितलं नव्हतं. माझ्या बायकोलाही नाही.

सोमवारी वरिष्ठ आले, ती बाई आणि तिची दोन माणसं आली. मोहर शाबूत असल्याचं सगळ्यांना दाखवलं. पिशवी उघडली. नानांनी सवयीने एक दाणा उचलला आणि तोंडात टाकला. त्यांचं चावणं थांबलं. त्यांनी डोळे मिटले नाहीत, माझ्याकडे बघितलं. वरिष्ठ म्हणाले, सरकारी नमुना खातो काय हा माणूस. नानांनी खाली मान घालून चारशे दाणे मोजले आणि ओल्या कागदांत लावले. एकही दाणा इकडचा तिकडे न होऊ देता, नेहमीसारखे.

चहा आला आणि बाकीचे व्हरांड्यात गेले, तेव्हा ते माझ्या टेबलाशी आले. आवाज एकदम खाली होता.

"साहेब, हे आते मरेल शे."

मी फाइल चाळत राहिलो.

मग ते म्हणाले की ते कोणाला काही सांगणार नाहीत. अर्ज खोटा होता असंही लिहून देतील. गोदामात अजून सगळी पोती आहेत, तेवढी फक्त मी अडवावीत. काहीही कारण लिहावं, कीड पडली लिहावं, काटा बिघडला लिहावं, दोन महिने काढावेत. पुढचं पाऊस बघून घेईल. हे सांगताना त्यांनी दोन्ही हात माझ्या टेबलावर टेकले होते. वर्षानुवर्षं पाण्यात काम करून बोटं पांढरी पडलेली होती.

मी म्हणालो, "बघतो."

सरकारी नोकरीत हा शब्द कशासाठी वापरतात ते त्यांना माझ्याइतकंच ठाऊक होतं. ते सरळ उभे राहिले आणि कपबशा उचलायला गेले.

दहाव्या दिवशी गुंडाळ्यांत बुरशी आणि लगदा होता. मी सगळ्यांसमोर दाणे एकेक करून दाबले. प्रत्येक दाणा पचकन फुटला. बाई पुढे झाली, तिने एक दाणा हातात घेतला, वास घेतला आणि ठेवून दिला. मला वाटतं तिने तिथंच विश्वास ठेवला, कारण हे तर तिच्या डोळ्यांसमोर होत होतं.

दोन दिवसांनी पोती गेली. नाना रजा टाकून, एस.टी.ने, नवापूरकडच्या त्या गिरणीवर गेले होते. निदान मूठभर मिळेल म्हणून. सगळं आदल्या दिवशीच भरडलं होतं. सरकारी नमुन्यातला एक दाणाही त्यांनी कधी घरी नेला नव्हता, चावला तेवढाच. आमच्यातल्या एखाद्यासारखे ते थोडे बेइमान असते तर ती ज्वारी वाचली असती.

आणि मी एक टिपण लिहिलं. परिचर तपासणीचे नमुने खातो, प्रयोगशाळेत साखर सांडून मुंग्या जोपासतो, त्याच्या सांगण्यावरून आदिवासी बांधवांची दिशाभूल झाली. साखर त्यांनी कधी सांडली नव्हती. जी होती ती मेलेल्या दाण्यांची होती, हे जिल्ह्यात मला आणि त्यांनाच कळत होतं. टिपण मंजूर झालं. नानांना गोदामाच्या फाटकावर पाठवलं, खिडकीची फरशी ॲसिडने धुऊन घेतली. माझं नाव यादीत आलं.

निवृत्त होईपर्यंत चार वर्षं ते त्या फाटकावर बसले. मी रोज जीपमधून त्याच फाटकाने आत यायचो आणि ते उठून फाटक उघडायचे. "राम राम साहेब," म्हणायचे. त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला सोपं गेलं असतं. एकदा मी गाडी थांबवून उगीच विचारलं की तब्येत कशी आहे. ते म्हणाले बरी आहे. मग त्यांनी मला विचारलं की त्या बाजूच्या एखाद्या पाड्यावरून, एखाद्या घरातून, तसला चपटा पांढरा दाणा तपासायला आला होता का. मी नाही म्हणालो. हे ते पुढेही विचारायचे, वर्षातून एकदा, सुगी झाल्यावर.

ते गेल्याचं कळलं तेव्हा मी कोरीटला गेलो. नानी ओट्यावर बसली होती. मी तिला सगळं सांगायला सुरुवात केली आणि तिने मला अर्ध्यात थांबवलं. म्हणाली, "त्यास्ले म्हाईत व्हतं. त्याच दिन माले सांगं व्हतं." मी विचारलं, मग तक्रार का केली नाही. एका अर्जाने माझी नोकरी गेली असती. नानी म्हणाली की तिनेही तेच विचारलं होतं. कित्येकदा. "भांडीसन दाना परत येस का, आसं म्हनेत." मग ती चहा ठेवायला आत गेली. मी माफीचा शब्द घेऊन गेलो होतो, तो तसाच परत आणला. तो ठेवायला तिथं जागा नव्हती.

घरी येऊन मी खात्याला पत्र लिहिलं, घडलं ते क्रमाने, सहीसह. काही आठवड्यांनी फोन आला. एक तरुण अधिकारी अदबीने बोलला. म्हणाला, सर, ती जुनी फाइल केव्हाच नष्ट केली आहे, दुरुस्ती करायची तर कशात करायची. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. त्याला माझ्या वयाची काळजी वाटत होती.

म्हणून गेल्या महिन्यात मी डोंगरात गेलो. आता जीप थेट पाड्यापर्यंत जाते. ती बाई जिवंत आहे. डोळे अधू झालेत, कान चांगले आहेत. मी ज्वारीवाला साहेब म्हणून ओळख सांगितली, तेव्हा ती हलली नाही, नुसती माझ्या आवाजाच्या दिशेने बघत राहिली. मग तिने सुनेला काहीतरी सांगून शेजारी पाठवलं आणि मला खाट दिली. थोड्या वेळाने शेजारच्या दोन बाया आल्या आणि समोर जमिनीवर बसल्या. दोघींच्या हातात सूप होतं. मला वाटलं निवडण-पाखडण अर्धवट सोडून आल्या.

मी सांगायला लागलो. दाणे दाबले नाहीत ते सांगितलं, भट्टीचं सांगितलं, नाना टेबलापाशी काय म्हणाले ते सांगितलं. बाईने मान हलवली. नाना इथं येत असत, ती म्हणाली. दरवर्षी, सुगीनंतर, गुडघे चालत होते तोवर. घराघरात जाऊन चुलीवरची कणसं बघायचे, एखादा दाणा फोडायचे आणि नाही म्हणून पुढच्या पाड्याला चालू लागायचे. बाराही पाडे त्यांनी पालथे घातले. कोणी विचारलं तर सांगायचे की दाणा आमच्या हातून गेला. आमच्या म्हणायचे. तुझं नाव त्याने कधी घेतलं नाही, ती म्हणाली. आता सगळे दुकानातलं पेरतात. ते उतारावर टिकत नाही, आणि भाकरीला ती गोडी नाही.

माझं बोलून संपलं. आता ती शिव्या देईल, किंवा रडेल, किंवा उठून जा म्हणेल, असं मला वाटलं. त्यातल्या कशालाही मी तयार होतो. मग खाटेकडे सरकून, हळू आवाजात, एखादी अवघड गोष्ट मागावी तसं तिने विचारलं,

"मग तू थोडा दाणा आणला ना?"

मला आधी कळलं नाही. मग समोर बसलेल्या दोघींच्या हातातल्या सुपांकडे माझं लक्ष गेलं. ती रिकामी होती. एवढ्या वर्षांनी साहेब स्वतः एवढ्या लांब आला आहे, तो नुसतं बोलायला कशाला येईल, असं त्यांना वाटलं होतं.

मी नाही म्हणालो.

तिने ते त्या दोघींना आपल्या बोलीत सांगितलं. मी तासभर बोललो होतो. तिला एक शब्द पुरला. दोघी उठल्या, सुपं काखेला लावली आणि उतारावरून आपापल्या घरांकडे गेल्या.